सूर्य केव्हाच वळला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर निमंत्रण आले. वर पतंग, खाली तिळाचे लाडू आणि मधे मजकूर: मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, त्या दिवसापासून दिवस मोठा होऊ लागतो, आपल्या पूर्वजांच्या या वैज्ञानिक परंपरेचा वारसा जपण्यासाठी सर्व सौभाग्यवती भगिनींनी हळदीकुंकवाला अगत्याने यावे. त्याखाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. काकूंना सांग, वड्या गेल्या वर्षीसारख्याच हव्यात, दोन किलो.

काकू म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर ती आमच्याकडे एअरोसिटीत राहायला आली, त्याला चार वर्षे झाली. ही वसाहत मोहालीच्या हद्दीत, विमानतळाच्या रस्त्याला लागून आहे, पण पत्ता विचारला की सगळे चंडीगडच सांगतात. आईने सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. अयनदिन आणि विषुवदिन तिने किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवले असतील, याची गणती नाही. तिने चष्मा लावून निमंत्रण वाचले आणि एवढेच म्हणाली, “दोन किलोला चिक्कीचा गूळ लागेल. इथे मिळतो का बघ.”

या निमंत्रणात दोन चुका आहेत. पहिली आकाशाविषयीची आणि दुसरी माणसांविषयीची. पहिली चूक वर्षानुवर्षे चालवून घेणारे लोकच दुसरी चूक मात्र शास्त्र म्हणून सांगतात. म्हणून मला या दोन्हींविषयी एकत्रच भांडायचे आहे.

आधी आकाश. २१ डिसेंबरला इथे दिवसभर धुके होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले. आईने पडद्याचा जुना दांडा बरोबर एक मीटर कापून घेतला, गच्चीच्या फरशीवर उभा केला, दोऱ्याला कुलूप बांधून केलेल्या ओळंब्याने सरळ केला आणि चारी बाजूंनी विटा लावून घट्ट बसवला. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सगळ्यांत आखूड सावली बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पडली. लांबी १३८ सेंटिमीटर. संक्रांतीला, १४ जानेवारीला, तिने तोच दांडा पुन्हा उभा केला. या वेळी सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजले आणि सावली भरली १२८ सेंटिमीटर. सावली दहा सेंटिमीटर आखूड झाली होती. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळत नव्हता, वळून तीन आठवड्यांवर दिवस झाले होते.

घड्याळही हेच सांगते. चंडीगडला वर्षातला सर्वांत लहान दिवस साधारण दहा तास दहा मिनिटांचा असतो. संक्रांत येईपर्यंत त्यात दहा-बारा मिनिटांची भर पडलेली असते. पुण्यात सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे तिथे हा चढउतार फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. इथे येतो. तरी लोक फसतात, कारण सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत उशिरा उशिराच होत जातो आणि धुके तर त्याच दिवसांत सर्वांत दाट. संध्याकाळ लांबलेली असते, पण तिकडे कोण बघतो! म्हणून लोहरीची रात्र ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र असे इथेही पुष्कळ जण सांगतात. तेही खरे नाही.

असे का होते, ते अवघड नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो. एका डुलण्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ऋतूंचे वर्ष आणि ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या, म्हणजे निरयन, गणिताने ठरते. सूर्य मकर राशीत शिरतो ती संक्रांत. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास हे शिरणे आणि सूर्याचे उत्तरेकडे वळणे जवळजवळ एकाच दिवशी होत असे. त्यानंतर साधारण ७१ वर्षांना एक दिवस या हिशेबाने संक्रांत मागे पडत गेली. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. हा हिशेब असाच चालू राहिला, तर दहा-अकरा हजार वर्षांनी तिळगूळ जूनमध्ये वाटावा लागेल.

इथून दिल्लीच्या रस्त्याने तीन तासांवर पानिपत आहे. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून लोक तिथे येतात आणि जाता-येता आमच्यासारख्यांना हटकून सांगतात, की मराठ्यांवर ऐन संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली. १७६१ मध्ये १४ जानेवारीला लढाई झाली, हे खरे. पौष शुद्ध अष्टमी होती, हेही खरे. पण वरचाच हिशेब मागे नेला, तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. संक्रांत होऊन गेली होती, माणसे उपाशी होती आणि मग लढाई झाली. आपण आजच्या कॅलेंडरवरची तारीख अडीचशे वर्षे मागे ढकलली आणि इतिहासात एक शकुन घालून ठेवला. परंपरा म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे असेच तयार होत असते. कुणी मुद्दाम खोटे बोलत नाही. फक्त कुणी तपासून बघत नाही.

गंमत अशी की ज्या पूर्वजांच्या नावाने हे चालते, ते तपासून बघत होते. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिले, की जुन्या ग्रंथांत तसे असेलही, पण आज अयन मकरापासून होते; आणि शंका असेल तर प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. सावलीने ते कसे पाहायचे, हेही त्याने सांगितले. आईने गच्चीवर जे केले, ते यापेक्षा वेगळे काही नव्हते. ग्रंथ आणि आकाश यांच्यात अंतर पडले, तर आकाशाचे ऐकायचे, असा तो दंडक होता. दीड हजार वर्षांनी आपण नेमके उलटे करतो आणि त्याला वराहमिहिराचा वारसा म्हणतो.

मराठीत तर ही गोष्ट नवी असायला नको. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली निघाले. दीक्षित सायन पंचांगाचे, म्हणजे ऋतूंशी बांधलेल्या पंचांगाचे, पुरस्कर्ते होते. पेशाने शिक्षक. सण ऋतूंपासून निसटत चालले आहेत, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी याच भाषेत, सामान्य वाचकाला कळेल असे मांडून ठेवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तीत पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबर आहे, म्हणजे अयनदिनाला लागूनच. ही तारीख भारताच्या राजपत्रावर छापली जाते. घरात, शाळेत, देवळात मात्र कुणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही.

हे फक्त आपलेच नाही. नाताळ २५ डिसेंबरला येतो, तो रोमन पंचांगात अयनाचा परंपरागत दिवस मानला जाई. ज्या पूर्वेकडच्या चर्चांनी जुने ज्युलियन पंचांग सोडले नाही, त्यांचा नाताळ आता ७ जानेवारीला पडतो. इराणचे पंचांग मात्र ऋतूंशी घट्ट बांधलेले आहे, म्हणून तिथली यल्दाची रात्र आजही खरोखर वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते. त्या रात्री डाळिंबे आणि कलिंगड खात, हाफिजच्या कविता वाचत घरची माणसे जागतात. चीनमध्ये दोंगझीला उत्तरेत डंपलिंग, दक्षिणेत तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्या. थंडीच्या ऐन मध्यावर, अंधार सर्वांत जास्त असताना, माणसांनी एकत्र बसून काहीतरी स्निग्ध, गोड, उष्ण खायचे, ही यातली मुळातली गोष्ट. तीळ आणि गूळ, बाजरीची भाकरी आणि लोणी, भोगीची भाजी, सुगडातला हरभरा, बोरे, उसाचे करवे. आपले सगळे त्याच हिशेबातले आहे. त्यासाठी तारखेचा खोटा दाखला लागत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. संक्रांत १४ जानेवारीला करू नये, असे माझे म्हणणे नाही. सूर्याचे निरयन मकरात जाणे ही एक व्याख्या आहे आणि त्या व्याख्येने तो दिवस बरोबर आहे. त्या वेळी ऊस तयार असतो, हरभरा तयार असतो, नवे तीळ आलेले असतात. सण करायला एवढे कारण पुरे. माझा आक्षेप ‘आजपासून दिवस मोठा होतो’ या वाक्याला आहे आणि त्याहून जास्त त्या वाक्याला चिकटवलेल्या ‘वैज्ञानिक’ या शब्दाला. विज्ञान हवे असेल, तर २२ डिसेंबरला काठी उभी करा. ते नको असेल, तर सण म्हणून सण करा. पण विज्ञानाचे फक्त नाव घ्यायचे आणि त्या नावाच्या जोरावर ‘आपल्या प्रथांना प्रश्न विचारू नका’ असे बजावायचे, हे चालणार नाही.

आता दुसरी चूक. ‘सर्व सौभाग्यवती भगिनींनी.’

गेल्या वर्षी हळदीकुंकू आमच्याच घरी होते. आईने आदल्या दिवशी तीनशेवर वड्या थापल्या, सुगडे रंगवली, शेजारच्या घरातल्या लहान मुलाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने केले. पाच वाजता पहिली घंटा वाजायच्या आत ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. मी काही बोलले नाही. बाहेर काळ्या साड्यांचे कौतुक चालले होते, संक्रांत यंदा कशावर बसून आली आणि कोणता रंग नेसायचा नाही, याची चर्चा चालली होती. मी दोनदा आत गेले, ते ताट भरून आणायला. ती पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटलेले मला दिसले नाही. तिच्या वड्या सगळ्यांना चालल्या, ती चालली नाही. आणि ते घर माझे होते. त्यामुळे या लेखातला राग दुसऱ्या कुणावर काढण्याआधी मला माझ्यावरच काढावा लागतो.

ज्या गटाचे हे निमंत्रण आहे, त्यातल्या बहुतेक जणी शिकलेल्या आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी प्रयोगशाळेत, कुणाचा नवरा फौजेत. त्यांच्याशी बोलल्यावर तीन उत्तरे येतात.

पहिले उत्तर: आपण महाराष्ट्रापासून दूर आहोत, मुलांना सगळे होते तसेच दाखवायला हवे. पण ‘होते तसे’ म्हणजे कधीचे? १८९३ साली लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला. वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी विषुवदिन कोणत्या नक्षत्रात होता, याचा माग काढला. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले आणि मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली दीक्षितांचा ग्रंथ आला आणि त्याच साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आकाश तपासणारे आणि समाज तपासणारे एकाच भाषेत, एकाच काळात काम करत होते. तोही आपलाच वारसा आहे. दूर राहणाऱ्यांनी पेटीत भरून नेताना नेमके तेवढेच मागे ठेवले. गाव पुढे गेले, पेटी मात्र तशीच राहिली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे जमले, ते विमानतळाशेजारच्या सुशिक्षित वसाहतीला अवघड का जावे?

दुसरे उत्तर: त्यांनाच यायचे नसते, आम्ही कुठे अडवतो? हे मी आईला विचारले. एकतीस वर्षे वर्ग सांभाळलेली बाई, तिला फार शब्द लागत नाहीत. “मला कुंकू नकोय,” ती म्हणाली. “मला खोलीत बसवू नका.” यात फरक आहे आणि तो सगळ्यांनी नीट ऐकावा. कुंकू लावावे की नाही, हा तिचा प्रश्न आहे, ती उद्या नकोही म्हणेल. पण माणसे जमलेली असताना तिने कुठे बसायचे, हे तिच्या नवऱ्याच्या मृत्यूवरून ठरू नये. ‘त्यांनाच नको असते’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी बोलावून पाहावे, मग नको आहे की काय, ते कळेल.

तिसरे उत्तर सर्वांत सोपे: शास्त्र आहे. इथेच मला आकाश मधे आणावे लागते. ज्या शास्त्राला सूर्य चोवीस दिवस आधी वळलेला चालतो, त्याला एक बाई बाहेरच्या खोलीत बसलेली चालत नाही? आकाशातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीत ‘चालते की, भावना महत्त्वाची’ म्हणायचे आणि माणसाच्या बाबतीत मात्र अक्षरही हलू द्यायचे नाही? हे शास्त्र नव्हे, ही सोय आहे. जिथे बदल केला तर आपल्याला काही सोडावे लागत नाही, तिथेही आपण बदलत नाही, ते आळसाने. जिथे सोडावे लागते, तिथे बदलत नाही आणि त्याला परंपरा म्हणतो. सौभाग्यवती असण्याचा मान कुणीतरी बाहेर राहिल्याशिवाय मान वाटत नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे. ते बोलून दाखवायला जड जाते, म्हणून शास्त्र पुढे करायचे.

पंजाब यात सोवळा आहे, असे मी म्हणणार नाही. लोहरीच्या गाण्यात ज्या दुल्ला भट्टीचे नाव घेतात, त्याने लोककथेप्रमाणे गरीब मुलींना सोडवून त्यांची लग्ने लावून दिली. तरी लोहरी पेटायची ती मुलगा झाला म्हणून किंवा सून आली म्हणून. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ७९८ मुली होत्या. त्या आकड्याची लाज वाटून असो, की आणखी कशाने, पण गेल्या काही वर्षांत ‘धीयाँ दी लोहरी’, म्हणजे मुलींची लोहरी, गावोगावी होऊ लागली. २०११ मध्ये तो आकडा ८४६ झाला. कमीच आहे, पण चढला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा ९१३ वरून ८९४ वर उतरला. आपण पुढारलेले, अशा ऐटीत इथे वावरणाऱ्या आम्हा मराठी लोकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. नुसत्या शेकोटीने आकडे बदलत नाहीत, हे मलाही कळते. पण सण कुणासाठी पेटवायचा, हे बदलता येते, हे इथल्या लोकांनी दाखवले आहे.

यंदा १३ जानेवारीच्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या घरासमोर लाकडे रचली. त्यांच्या नातीची पहिली लोहरी होती. घरातल्या आजींना सगळे बीजी म्हणतात. त्या स्वतः विधवा आहेत. त्या फाटकातून आत आल्या, आईला “भैणजी, चलो” म्हणाल्या आणि हाताला धरूनच घेऊन गेल्या. आईच्या ओंजळीत रेवड्या, शेंगदाणे आणि लाह्या दिल्या. आईने इतरांचे पाहून त्या आगीत टाकल्या, थोड्या खाल्ल्या. बीजींनी मला मग सांगितले, की त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या जन्माला कुणी काडीसुद्धा पेटवली नव्हती. “तेव्हा मी काही बोलले नाही,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्या रात्री मी गटावर उत्तर लिहिले. हळदीकुंकू यंदाही आमच्याकडेच करू. निमंत्रणाचा मजकूर मी पाठवते. त्यातून ‘सौभाग्यवती’ काढला आहे आणि ‘आजपासून दिवस मोठा होतो’ हेही काढले आहे. ज्यांना यायचे, त्या सगळ्यांनी यावे; ज्यांची आई, सासू, मावशी घरी आहे, त्यांनी तिला घेऊन यावे. आई बाहेरच्या खोलीत बसेल. ज्यांना ते चालणार नाही, त्यांनी येऊ नये, पण मग वड्याही मागवू नयेत.

गटावर बराच वेळ कुणी काही लिहिले नाही. मग एकीने विचारले, सासूबाई आल्या तर चालतील ना, त्यांना गुडघ्यामुळे खुर्ची लागते. दुसरीने लिहिले, की हे जरा जास्तच होतेय. तिघींनी काहीच उत्तर दिले नाही. रथसप्तमीपर्यंत अजून दिवस आहेत.

मधे पाऊस पडून गेला आणि गच्चीवरच्या खडूच्या खुणा पुसल्या. १३८ आणि १२८ हे दोन्ही आकडे आईने वहीत तारखेसह लिहून ठेवले आहेत. पुढच्या २२ डिसेंबरला शेजारची मुले गोळा करून पुन्हा मोजायचे, असे तिचे चालले आहे. सध्या ती तीळ निवडते आहे. खुर्च्या किती लागतील, हे मला विचारून झाले आहे.